टाचणीखालचं अक्षर

१

परत आलेलं पार्सल मी नेहमी उभ्यानंच उघडते. बसून उघडलं की वाईट बातमी जास्त वेळ टिकते, असा माझा आपला एक समज आहे. त्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला दारातच उभं राहून कात्री लावली. आत आमचाच हिरवा स्कार्फ होता, आमच्याच पातळ कागदात गुंडाळलेला, आणि वर टपोऱ्या अक्षरातलं पत्र.

‘तुम्ही हा शुद्ध रेशमी म्हणून विकलात. मी शिवणकाम शिकवते. कडेचा धागा काढून जाळून पाहिला. भुरकन पेटला, जळक्या कागदाचा वास आला आणि मऊ राखाडी राख उरली. रेशीम असं जळत नाही. तुम्ही फसवताय की तुम्हालाच कुणी फसवतंय, ते बघा.’

मी पत्र पुन्हा वाचलं आणि घाबरले. स्कार्फसाठी नव्हे. स्कार्फचं काय, माफी मागून मिटलं असतं. पण त्याच गठ्ठ्यातलं एक जॅकेट, वरून मऊ लव असलेलं, मी दहा दिवसांपूर्वी एका काच फुंकणाऱ्या बाईला विकलं होतं. घेण्याआधी तिनं विचारलं होतं, ‘खरंच रेशीम आहे ना? मी भट्टीसमोर उभी असते. ठिणगी उडाली तर रेशीम नुसतं करपतं, भडकत नाही. म्हणून खात्री करतेय.’

मी उत्तर दिलं होतं, ‘शंभर टक्के.’ आणि पुढे एक हसरा चेहरा.

आणि काल तिचा निरोप आला होता. ‘उद्या चार वाजता लोकांसमोर प्रात्यक्षिक आहे. तुमचंच जॅकेट घालणार!’

मी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. ‘जॅकेट घालू नका, कृपया आधी मला फोन करा,’ असा निरोप टाकला. तो तसाच न वाचलेला पडून राहिला. भट्टीवर असताना ती फोन बंद ठेवते, हे तिनंच एकदा सांगितलेलं.

आमचं दुकान म्हणजे घराची वरची खोली. जुन्या कपड्यांचे गठ्ठे येतात, आम्ही निवडतो, फोटो काढतो, ऑनलाइन विकतो. काम तिघांत वाटलेलं. माझे सासरे, आप्पा, कपडा कशाचा आहे ते ठरवतात. कापडाच्या दुकानात चाळीस वर्षं सिल्क काउंटरवर बसलेला माणूस. खालून हाक मारली की माळ्यावरच्या गड्याला ऐकू जावी, असा आवाज. माझी धाकटी नणंद चिऊ फोटो काढते आणि पार्सलं बांधते. ती तिशीची झाली, पण घरात अजून चिऊच. आणि मी संगणकावर माहिती भरते, गिऱ्हाइकांशी बोलते. मला कापडातलं ओ की ठो कळत नाही. ते कळायची मला कधी गरजच पडली नव्हती. खिडकीतल्या खुर्चीतून आप्पा ओरडायचे आणि मी टाइप करायची.

पाच आठवड्यांपूर्वी आप्पांच्या घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दोन महिने एक शब्दही बोलायची बंदी केली. तेव्हापासून ते शिवणीतला धागा ओढतात, चिमट्यात धरून जाळतात, नाक पुढे करतात आणि कपड्याला एक चिठ्ठी टाचून टाकतात. सु., लो., रे., सि., ना. एकेका अक्षरात कारभार. श्वासाबरोबर शाईही वाचवायला डॉक्टरांनी सांगितलं असावं, असं आम्ही म्हणायचो.

“वहिनी, अशी घाबरू नकोस,” चिऊ म्हणाली. “जॅकेटला लव आहे, ते इस्त्रीला गेलंच नव्हतं. स्कार्फ गेला होता. तिथेच कुणीतरी खरा ठेवून घेतला आणि खोटा दिला. जॅकेट नीट असणार.”

मी त्या वाक्याला घट्ट धरलं. सकाळीच आम्ही दोघी किती हसलो होतो, ते आठवलं. एका बाईनं आमच्या ब्लाउजला पाच तारे देऊन लिहिलं होतं, ‘सिंथेटिक असूनही अंगाला गार लागतो. फक्त धुताना ओल्या केसांसारखा वास येतो, पण चालेल.’ चिऊ म्हणाली होती, केसच धुतले असतील बाईनं. आता मात्र हसायला येत नव्हतं.

मी आत्याला फोन केला.

२

माझी आत्या कापड तपासायच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं होती. गळ्यात दोरीला भिंग अडकवल्याशिवाय ती घराबाहेर पडत नाही, म्हणून सगळे तिला भिंगआत्या म्हणतात. दोन गल्ल्या पलीकडे राहते. दहा मिनिटांत जिना चढून आली, पाणीसुद्धा न पिता स्कार्फ उजेडात धरला.

“ही चमक बघ. कापड तिरकं केलं तरी तशीच पांढरी. रेशीम वळवलं की रंगात फरक पडतो.” तिनं एक धागा काढला, जिभेवर ओला केला आणि ओढला. पट्‌कन तुटला. “कोरडा असताना दम आणि ओला झाला की संपला. रेयॉन आहे बाळ. तुमच्या बाई बरोबर बोलतायत.”

“आत्या, जॅकेटचं काय?”

“कसलं जॅकेट?”

मी सांगितलं. लव म्हटल्यावर तिचा हात थांबला.

“लव असलेलं रेयॉन असेल तर वाईट. ठिणगी एका जागी पडते आणि आग लवेवरून पळत जाते. बाह्या काढायलासुद्धा वेळ मिळत नाही.” मग माझा चेहरा बघून ती म्हणाली, “आधी हे शोधू, की स्कार्फ बदलला कुठे. इस्त्रीत बदलला असेल तर जॅकेट सुटलं. बोलाव इस्त्रीवाल्याला.”

इस्त्रीवाले काका खालच्याच गाळ्यात बसतात. चोरीचा विषय असावा असं त्यांना जिन्यातच कळलं, कारण वर येताना त्यांनी कपाळाला आठ्या घालूनच आणल्या.

“वीस वर्षं तुमच्या दारात बसतोय,” ते म्हणाले. “एक रुमाल इकडचा तिकडे झाला नाही.”

“कोण म्हणतंय झाला म्हणून?” आत्या गोड आवाजात म्हणाली. “मला फक्त एवढं सांगा, हा स्कार्फ तुम्ही कसा इस्त्री केलात?”

“कसा म्हणजे? पाणी मारून. ओलसर असतानाच, उलट्या बाजूनं.”

“रेशमावर पाणी मारता?”

“छे! डाग पडतात की. रेशमाला मी कोरडं फडकं घालतो.” ते थांबले. “पण हे रेशीम नव्हतंच. हातात घेतल्याबरोबर कळलं. रेयॉन आहे हे.”

“मग सांगितलं का नाही?” मी जवळजवळ ओरडलेच.

“ताई, माझ्याकडे कपडा येतो, चिठ्ठी येत नाही. तुम्ही कशाच्या नावानं विकता, मला काय माहीत?”

ते गेले. स्कार्फ इस्त्रीला जायच्या आधीपासूनच खोटा होता. म्हणजे बदल झाला होता तो इथेच, या खोलीत. जिथे ते जॅकेटही होतं.

घड्याळात दोनला पाच कमी होते.

३

मी गाडी मागवली. ‘पस्तीस मिनिटं’ असं दाखवत होतं. दुसरी शोधली, तिला त्याहून उशीर. बस दोनदा बदलावी लागली असती. काचेची कार्यशाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या कारखान्यांच्या शेडमध्ये, इथून तासाच्या वाटेवर. मी खिडकी आणि जिना यांच्यामध्ये येरझाऱ्या घालायला लागले. फोन अजून बंदच होता.

“तू फेऱ्या मारून गाडी लवकर येणार नाही,” आत्या म्हणाली. “कात्री दे. मला शिवणीतला धागा हवाय.”

“मी देते,” चिऊ घाईनं म्हणाली आणि पॅकिंगच्या टेबलाचा खण स्वतःच उघडायला गेली. एवढी घाई आत्याला पुरेशी होती. तिनं चिऊच्या आधी खण ओढला. कात्री होती. तिच्याखाली घडी घातलेला एक मोतिया रंगाचा स्कार्फही होता.

आत्यानं तो तिरका केला. मोतिया रंग हलला, मध्येच गुलाबी झाला. तिनं कडेचा एक धागा काढला, पांढऱ्या बशीवर चिमट्यात धरला आणि काडी लावली. धागा हळूहळू आकसला, ज्योत दूर नेताच विझला. खोलीत करपलेल्या केसांचा वास पसरला. उरलेला काळा मणी तिनं बोटांत चुरला.

“हे अस्सल रेशीम,” आत्या म्हणाली. “तुझ्या खणात कसं आलं ग?”

चिऊ पांढरीफटक पडली. माझ्या मनात काय काय येऊन गेलं, ते लिहायची मला लाज वाटते. सहा वर्षं ही मुलगी माझ्याच ताटात जेवलीय, आजारपणात तिनं माझं डोकं दाबलंय, आणि मी एका क्षणात तिला चोर ठरवून मोकळी झाले.

“वहिनी, तू माझ्याकडे असं बघू नकोस हं!” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “हा सिंथेटिकच्या खोक्यातला आहे. तूच तसं भरलंयस. तीन आठवडे कुणी घेतला नाही, तू म्हणालीस टाकून दे, म्हणून मी ठेवून घेतला. काढ ना यादी!”

मी यादी काढली. खरंच होतं. ‘स्कार्फ, मोतिया, सिंथेटिक.’ माझ्याच हातानं भरलेलं.

“म्हणजे रेयॉन रेशमात गेलं,” आत्या सावकाश म्हणाली, “आणि रेशीम सिंथेटिकमध्ये. बरोब्बर उलटं. कपडा कशाचा, हे या घरात ठरवतं कोण?”

उत्तर तिघींनाही माहीत होतं. आम्ही खिडकीकडे बघितलं. आप्पा खुर्चीत बसून हे सगळं ऐकत होते, मांडीवर वही आणि पेन्सिल होती, आणि त्यांना बोलायची बंदी होती.

४

“आप्पा, रागावू नका,” आत्या त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली. “एक परीक्षा घेते.”

आप्पांनी वहीत लिहिलं, ‘घ्या विहीणबाई. फी पडेल.’ मला रडू येत होतं आणि ते थट्टा करत होते.

तिनं दोन धागे त्यांच्या तळहातावर ठेवले, कोणता कुठला ते न सांगता. आप्पांनी पहिला चिमट्यात धरला. हिरव्या स्कार्फचा. भुरकन जळाला. माझ्यासारखीलाही जळक्या कागदाचा वास आला. आप्पांनी नाक पुढे केलं, मान हलवली आणि चिठ्ठीवर लिहिलं: ‘रे.’

ऑपरेशननंतर चव जाते, वास जातो, असं दवाखान्यात कुणीतरी म्हणालं होतं. आप्पांचं नाक गेलंय. ते पाच आठवडे अंदाजानं लिहितायत आणि कुणाला सांगत नाहीत, कारण हे काम सुटलं तर त्यांच्याकडे दुसरं आहे काय? आणि मी त्या नाकाच्या भरवशावर एका बाईला भट्टीसमोर उभं केलंय.

त्यांनी दुसरा धागा जाळला. केसांचा वास आला. त्यांनी लिहिलं: ‘सि.’

“बघ,” मी आत्याला कसंबसं म्हटलं. “दोन्ही चुकले.”

आत्या दोन्ही चिठ्ठ्यांवर भिंग धरून बसली होती. एवढ्याशा अक्षरांत ती काय शोधत होती, देव जाणे. मग तिनं भिंग सोडलं आणि माझ्याकडे वळली.

“बाळ, ‘रे.’ म्हणजे काय?”

“रेशीम. अजून काय?”

“आणि ‘सि.’?”

“सिंथेटिक.”

“आप्पा,” ती त्यांच्याकडे वळून म्हणाली, “चाळीस वर्षं तुम्ही ज्या काउंटरवर बसलात, त्याला काय म्हणायचे?”

आप्पांनी तिच्याकडे असं बघितलं, की हिला वेड लागलं का. मग ठसठशीत अक्षरात लिहिलं: ‘सिल्क’. आणि त्याच्या बाजूला, आमच्या चेहऱ्यांकडे बघत बघत, हळूहळू: ‘रेयॉन’.

पेन्सिल त्यांच्या हातातून खाली पडली. त्यांना माझ्याआधी समजलं होतं.

“त्यांचं नाक तुझ्या-माझ्यापेक्षा शाबूत आहे,” आत्या म्हणाली. “यांनी जन्मात कधी रेशीम म्हटलं नाही, सिल्कच म्हटलं. तू कधी सिल्क म्हटलं नाहीस. ते अख्खा शब्द ओरडायचे तोवर काही बिघडलं नाही. रेयॉन ऐकलं की तू रेयॉन लिहायचीस. बोलणं बंद झालं, उरलं एक अक्षर, आणि त्या अक्षराचा उरलेला शब्द तू तुझ्या मनानं भरलास. पाच आठवडे! ती ब्लाउजवाली तुम्हाला सांगत होती की, ओल्या केसांचा वास येतो म्हणून. रेशीम भिजलं की येतो तसा. तुम्ही दोघी हसत बसलात.”

चिऊनं माझा हात धरला. मी तिला माफ कर म्हटलं की नुसतं मनात म्हटलं, आता आठवत नाही.

“जॅकेटच्या चिठ्ठीवर काय होतं?” आत्यानं विचारलं.

टाचणी मीच काढली होती. ती टोकाला थोडी गंजलेली होती, हेसुद्धा मला आठवत होतं.

“रे.,” मी म्हटलं.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. मी पर्स उचलून वळले, तर आप्पा दारात उभे होते. पायात बूट होते, गळ्याला मफलर होता, आणि तोंडावर असा भाव, की कुणी अडवायची छाती करू नये.

५

त्या तासाभराचं काय सांगू? प्रत्येक सिग्नल लाल होता. आत्या पुढे बसून ड्रायव्हरला वाटा सांगत होती, त्यातल्या दोन चुकल्या. मी सारखा फोन लावत होते. आप्पा माझ्याशेजारी ताठ बसले होते आणि त्यांचा हात वहीवर होता, पण ते काही लिहीत नव्हते. एकदाच त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. तो बर्फासारखा गार होता.

शेड सापडली तेव्हा चारला सहा मिनिटं कमी होती. पण दारावरची बाई म्हणाली, लोक लवकर जमले म्हणून सुरू केलंय. मी तिला ढकलूनच आत गेले.

आत भट्टीचा आवाज एवढा, की माझाच आवाज मला ऐकू येईना. चाळीस-पन्नास माणसं दोरीच्या अलीकडे दाटीनं उभी होती. त्यांच्या डोक्यांवरून मला ती दिसली. तांबूस जॅकेट, लवेवर भट्टीचा उजेड पडलेला. लांब नळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा फिरवत ती लोकांना काहीतरी समजावत होती. मग ती भट्टीच्या तोंडाकडे वळली. गोळ्यावरून एक ठिणगी उडाली आणि तिच्या पायाजवळ जमिनीवर विझली.

“ताई!” मी ओरडले. “जॅकेट काढा! ताई!” दोन बायकांनी मागे वळून मला गप्प राहायची खूण केली. आत्या दोरीखालून वाकायला गेली, तिला एका माणसानं दंडाला धरलं. काचवाली भट्टीकडे अजून एक पाऊल सरकली.

आणि माझ्या कानाशेजारी कुणीतरी गरजलं.

“रेयॉन!”

भट्टीच्या वरून गेला तो आवाज. चाळीस वर्षं माळ्यापर्यंत जाणारा आवाज, मध्येच फाटलेला, पण गेला. सगळी माणसं वळली. तीही वळली. आप्पांनी दोन्ही हातांनी स्वतःच्या अंगावरचा कोट ओढून दाखवला आणि पुन्हा ओरडले, “सिल्क नाही! रेयॉन!”

आगीजवळ काम करणाऱ्या बाईला तो शब्द समजावून सांगावा लागत नाही. तिनं आपल्या बाहीकडे बघितलं. नळी शेजारच्या जोडीदाराच्या हातात दिली, चार पावलं मागे आली आणि जॅकेट उतरवून लांब फेकलं. मग तिथेच बाकावर बसली.

बाहेर अंगणात आत्यानं जॅकेटच्या आतल्या शिवणीतून चिमूटभर लव काढली आणि फरशीवर ठेवून काडी लावली. आम्ही वाकून बघायच्या आत ती संपली होती. काचवाली बाई त्या जागेवरून बोट फिरवून माझ्याकडे वळली.

“तुम्ही शंभर टक्के म्हणाला होतात,” ती मला म्हणाली.

“हो,” मी म्हटलं. “न बघता म्हणाले होते.”

६

डॉक्टर आप्पांवर बरेच चिडले. बंदी अजून महिनाभर वाढवली आणि आवाज पूर्वीसारखा होईल याची हमी देत नाही म्हणाले. आप्पांनी वहीत लिहिलं, ‘वापरला तो बरोबर जागी वापरला.’ डॉक्टरांनी ते वाचून पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली.

पाच आठवड्यांत गेलेल्या प्रत्येक कपड्याच्या गिऱ्हाइकाला चिऊनं आणि मी निरोप पाठवले. रेयॉनवाल्यांनी बोल लावले, ते आम्ही ऐकून घेतले. ब्लाउजवाल्या बाईंना कळवलं, तुमचा रेशमी आहे. त्यांचं उत्तर आलं, ‘वाटलंच होतं मला!’

दोन दिवसांनी नवीन गठ्ठा फुटला. आप्पांनी पहिला कपडा माझ्या टेबलावर आणून ठेवला, जांभळ्या रंगाचा जुना झगा. चिठ्ठीवर या वेळी अख्खा शब्द होता, थरथरत्या अक्षरात, चाळीस वर्षांत त्यांनी कधी न वापरलेला: ‘रेशीम’. माझ्यासाठी लिहिलेला.

मी संगणकाकडे वळले नाही. आधी झग्याच्या आतल्या शिवणीतून एक धागा ओढला, बशी पुढे घेतली आणि काडी पेटवली. आप्पा खुर्चीतून बघत होते. धागा आकसला, विझला, आणि मी नाक पुढे केलं.

करपलेल्या केसांचा वास आला. मग मी टाइप केलं.